एका आईचे दोन पासपोर्ट

दुसरी मोठी लढाई संपून बोटी पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा मी आफ्रिकेतल्या मोंबासाला जायचं ठरवलं. तिथल्या एका व्यापाऱ्याला सांगलीची हळद हवी होती, पण समोरासमोर बसल्याशिवाय तो भाव ठरवणार नव्हता. भाव ठरवणं हे माझं काम. बाजारात हमाली करत करत दुकान उभं केलं ते मीच. थोरला भाऊ जमिनीखालच्या पेवांत साठवलेल्या हळदीवर नजर ठेवायचा. गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. तरी सोबत म्हणून दोघांचे अर्ज केले.

पासपोर्ट आले. जिल्द एकच, शिक्काही एकच. आत मात्र दादा ब्रिटिश प्रजाजन आणि मी संस्थानी, ब्रिटिशांच्या संरक्षणाखालचा माणूस!

का? तर आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आईचं माहेर कोरेगावचं, म्हणजे इंग्रजी मुलूख. दादा तिथं जन्मला. दुसऱ्या खेपेला तिला कोण पाठवतंय? मी सांगलीत, संस्थानच्या हद्दीत जन्मलो.

दादाला घेऊन संस्थानच्या कचेरीत गेलो आणि दोन्ही पुस्तकं कारकुनापुढं आपटली.

"ही ओळ खोडा."

"वरचा हुकूम आहे. जन्म कुठला ते पाहून लिहितात."

"मग दादाच्याबी पुस्तकात तीच घाला. न्हाईतर दोनी कोरी ठेवा."

"अहो, हा काय हळदीचा सौदा आहे?"

"मग माणसांची प्रत कशाला लावताय? एका आईची लेकरं हाय आमी!"

कारकून हसला. "तिकडं उतरताना तुम्हाला चार प्रश्न जास्त विचारतील, एवढंच."

एवढंच! माझं पुस्तक त्याच्या टेबलावर टाकून मी बाहेर पडलो. दादा मागून धावत आला.

"आरं, एका ओळीपायी मोंबासा सोडतोस व्हय?"

"सोडतो. तू जा की, प्रजाजन!"

बोटीची जागा ठरलेली, व्यापाऱ्याला तार गेलेली. शेवटी दादाच गेला. व्यापाऱ्यानं पहिला भाव सांगितला आणि दादा "बरं" म्हणाला. वर्षाची हळद त्या एका शब्दात गेली.

लोक म्हणतात, तुझ्या तापटपणानं घात केला. असेल. पण आई सासरी राबता राबता बाळंत झाली, यात माझा गुन्हा कोणता? त्या भावाबद्दल दादाला मी कधी एक शब्द बोललो नाही. माझं भांडण हुकूम काढणाऱ्या इंग्रजाशी होतं, आणि तो सत्तेचाळीस साली माझ्याशी न बोलताच बोटीत बसून निघून गेला.