खालची खोली धाकटीला

आमच्या आईला माणसांची नावं घ्यायची सवयच नव्हती. मी थोरली, माझी बहीण धाकटी, समोरच्या दुकानातला तो चष्मेवाला आणि दूध टाकणारा तो उंच. एवढ्यावर तिचा अख्खा संसार पार पडला. माझं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर तेवढं आहे. त्या नावाने कुणी हाक मारली तर मी आधी मागे वळून बघते, दुसऱ्याच कुणाला बोलावत असतील म्हणून!

आता अशा बाईने मृत्युपत्र करावं, तेही टाइप करणाऱ्याला तोंडी सांगून, आणि त्या शहाण्याने एका शब्दाने विचारू नये, "बाई, धाकटी म्हणजे कोण?" आई गेल्यावर वकीलबाईंनी कागद उघडला. दोनच ओळी. "वरचं घर थोरलीला. खालची खोली धाकटीला." खाली आईची सही, शेजारी साक्षीदार म्हणून चष्मेवाल्याची आणि टाइप करणाऱ्याची.

"सोपं आहे की," वकीलबाई म्हणाल्या.

"कसलं सोपं, डोंबल!" मी म्हटलं. "आमच्याकडे धाकट्या दोन आहेत."

दुसरी धाकटी म्हणजे टाचणी. खालच्या खोलीतली आमची भाडेकरू. गल्लीने तिला टाचणी नाव ठेवलं, कारण तिच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या. पँट आखूड कर, कोटाची चेन बदल, उसवलेलं शिव, असलं तिचं काम. गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी उत्तर "अं". होकाराचा अं वेगळा, नकाराचा वेगळा, आणि "तुमचं पोट सुटलंय, कापड पुरायचं नाही" याचा तर फारच वेगळा.

ती आली तेव्हा अगदी तरुण होती. नवरा गेलेला, मागे ना सासर उरलं ना माहेर. एक मशीन आणि एक सुटकेस घेऊन दारात उभी राहिली. आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मशीनचा आवाज किती होतो?" "रात्री चालवणार नाही," ती म्हणाली. झाला करार. कागद नाही, पावती नाही, काही नाही. आईच्या मते दिलेला शब्द म्हणजे सही.

माझी सख्खी बहीण त्याच्या थोडंच आधी घर सोडून गेली होती. तिला हवा होता तो मुलगा आईला नको होता. दोघींच्याही नाकावर राग. आई म्हणाली, "या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस," आणि बाईसाहेबांनी ते तंतोतंत पाळलं. मला फोन करायची, आईची चौकशी करायची, पण यायची नाही. फोन आला की आई शेजारच्या खोलीत जाऊन बसायची आणि दार मात्र उघडं ठेवायची. काय म्हणावं या दोघींना!

मग एक दिवस आई खिडकीत उभी राहून जुन्या सवयीने ओरडली, "धाकटे!" मी स्वयंपाकघरात होते, हातातला चमचा तसाच राहिला. कोण ओ देणार होतं? तेवढ्यात खालून आवाज आला, "अं?" आणि टाचणी धापा टाकत जिना चढून वर आली. आईला सुईत दोरा ओवून हवा होता. तेव्हापासून टाचणी धाकटी झाली. आईचे डोळे गेले, गुडघे गेले, पण तिची हाक कधी रिकामी गेली नाही. शेवटच्या आजारपणात तर मी ऑफिसात असताना आईचं सगळं टाचणीनेच केलं. पोटच्या पोरीनेही केलं नसतं, असं मी म्हणणार नाही, कारण पोटची पोर मीच आहे. पण माझ्याइतकंच केलं.

तर आता पंचाईत अशी. धाकटी म्हणजे टाचणी असेल तर खोली तिची. धाकटी म्हणजे बहीण असेल तर मालकीण बहीण, आणि करार नसलेल्या भाडेकरूला नोटीस देऊन बाहेर काढायला कितीसा वेळ लागतो! टाचणीचं गिऱ्हाईक सगळं आमच्या गल्लीतलं. या वयात दुसरीकडे मशीन मांडून नव्याने सुरुवात करायची म्हणजे खायचं काम नव्हे.

वकीलबाईंनी समजावलं, "मृत्युपत्र खरं आहे असा शिक्का कोर्टाकडून घ्यावा लागेल. दोघींनी हक्क सांगितला तर शब्दाचा अर्थ कोर्ट ठरवणार. साक्षी, तारखा. वर्षानुवर्षं भिजत घोंगडं." चष्मेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी सही केली, वाचलं कुठे? चष्मा दुकानात राहिला होता."

बहिणीला कळवलं. मला वाटलं होतं, म्हणेल, दे त्या बाईला. कुठलं काय! पहिल्या गाडीने आली आणि वकीलबाईंच्या समोर ताठ बसून म्हणाली, "धाकटी मी आहे. मी सोडून या घरात दुसरी धाकटी नाही."

"इतकी वर्षं कुठे होती ही धाकटी?" माझं तोंड सुटलंच. "आईला उचलून बसवायला कोण होतं?"

"मला खोलीचं पडलेलं नाही," ती म्हणाली. "आईने माझं नावसुद्धा दुसरीला देऊन टाकलं का, एवढंच मला कळू दे."

आपलेच दात, आपलेच ओठ. मी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

टाचणी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. त्या दिवशी ओठांत टाचण्या नव्हत्या, त्यामुळे तिचा चेहरा ओळखू येईना. वकीलबाईंनी तिला विचारलं, "तुम्हाला त्या काय हाक मारायच्या?"

"धाकटी," ती म्हणाली.

मी मनात म्हटलं, संपलं, सुटलो. एवढ्यावर थांबायचं की नाही? पण बाई पुढे बोलू लागली. "पण हाक मला नसायची."

मी टेबलाखालून तिला पाय मारला. तो लागला वकीलबाईंना.

"पहिल्या दिवशी कुणीच ओ देईना, म्हणून मी दिली," टाचणी बहिणीकडे बघून म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाची हाक तशीच हवेत राहिली तर बरं वाटत नाही. मग रोजचंच झालं. माझं मशीन खिडकीशी, मान बाहेर काढून वर बघितलं की आई दिसायच्या. हाक मारली की त्या आधी रस्त्याच्या कोपऱ्याकडे बघायच्या. जरा वेळ बघायच्या. मग खाली, माझ्याकडे. डोळ्यांना दिसेनासं झालं तरी आधी कोपराच. ताई, हाक तुमचीच होती. ओ तेवढी माझी."

"कुठल्या कोपऱ्याकडे?" बहिणीने विचारलं.

"जिथे बस थांबते तिथे."

बहिणीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू? त्या वेड्या बाईने आमच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता. तिला रागवावं की पोटाशी धरावं, मला कळेना.

बऱ्याच वेळाने बहिणीने नाक पुसलं. "लिहा," ती वकीलबाईंना म्हणाली. "धाकटी मीच. खोली माझी. थोरलीची त्याला हरकत नाही."

झालं, टाचणीचं मशीन आता रस्त्यावर!

"आणि ती खोली मी हिला देतेय, ही जिवंत असेपर्यंत. कुणी हिला उठवायचं नाही. मीसुद्धा नाही, माझ्या मुलांनीही नाही. असं पक्कं लिहा की पुढे कुणाला अर्थ विचारत बसायला नको."

"हयातभराचा करार करू," वकीलबाई म्हणाल्या. "पण आता नाव घालायचं बरं का. टोपणनाव चालणार नाही. काय नाव यांचं?"

आम्ही दोघी बहिणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. टाचणीच हसली आणि तिने नाव सांगितलं. चांगलं, गोड नाव होतं. दाराबाहेर पडेपर्यंत आम्ही ते विसरलोही.

बहीण दुसऱ्या दिवशी जाणार होती, ती आठवडाभर राहिली. आईच्या कपाटातले कपडे तिने काढले, उसवलेले खाली नेऊन दिले. एका संध्याकाळी मला वरच्या माळ्यावरचा डबा काढायला स्टूल धरणारं कुणीतरी हवं होतं. मी खिडकीपाशी गेले आणि विचार न करता ओरडले, "धाकटे!"

"ओ!" आतून बहीण म्हणाली.

"अं?" खालून आवाज आला.

आईच्या जागी उभी होते मी. रस्त्याच्या कोपऱ्याकडे बघायची मला गरजच पडली नाही.