अक्कांचं ‘न्हाई’

अक्का आधी ‘न्हाई’ म्हणायच्या आणि मग विषय काय आहे ते ऐकून घ्यायच्या. आमच्या नगरपंचायतीच्या त्या नगराध्यक्षा. कवठे महांकाळच्या बाजूचं आमचं लहानसं गाव. पाऊस बेताचा, नळाला पाणी चार दिवसांआड. मी तेव्हा पाणीपुरवठा सभापती होतो आणि अशा गावात संगीत कारंजं उभारायचा ठराव माझाच होता. त्यावर वाजवायची गाणीसुद्धा मी निवडून ठेवली होती.

अक्का धनगराच्या घरातल्या. लहानपणी कळपामागं घाट उतरून कोकणापर्यंत गेलेल्या. वसुलीचे फुगवलेले आकडे दिसले की म्हणायच्या, “कळप मोटा दिसावा म्हनून आजारी मेंढरं मोजायची न्हाईत.” मुख्याधिकारी खाली बघायचे. मी मात्र मोठ्यानं हसायचो. त्यातले बरेचसे आकडे माझ्याच पाणीपट्टीचे आहेत, हे घरी गेल्यावर माझ्या लक्षात यायचं.

मग कोरोना आला. आठवडी बाजार बंद, गाळ्यांचं भाडं थांबलं, घरपट्टी कुणाच्या दारात जाऊन मागायची? येणं आटलं आणि जाणं वाढलं: जंतुनाशक, रुग्णवाहिकेचं डिझेल, शाळेच्या वसतिगृहात उघडलेल्या विलगीकरण कक्षातलं जेवण. सभेत मुख्याधिकाऱ्यांनी सुचवलं की ठेक्यावरचे निम्मे सफाई कामगार तूर्त कमी करावेत. अक्का म्हणाल्या, न्हाई. मग दुसरं काय कमी करता येईल असं मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा सगळी सभा माझ्याकडे बघू लागली. मी उठलो आणि संकटकाळात जनतेचं मनोबल या विषयावर बराच वेळ बोललो. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

“कारंजं नाचंल, सभापती. पर गटार कोन काढंल?”

कारंजं गेलं. त्याच ठरावात नगरसेवकांचा अभ्यास दौराही गेला. त्याचा प्रमुख मीच होतो.

रोज सकाळी हजेरीच्या वेळी अक्का कामगारांपुढं जाऊन उभ्या राहायच्या. हातमोजे आहेत का, कुणी खोकतंय का, सगळं बघायच्या. खोकणाऱ्याला घरी पाठवायच्या आणि त्याचा पगार कापला जाणार नाही हे मुकादमाला सर्वांदेखत सांगायच्या. मीही एकदा सोबत गेलो. एकजण शिंकला आणि मी थेट गाडीत जाऊन बसलो.

या भित्रेपणाची भरपाई म्हणून मी विलगीकरण कक्षात जेवण वाटायला गेलो, फोटोग्राफर घेऊन. भर मे महिना, अंगात तो प्लास्टिकचा झगा. तिसऱ्या खाटेपाशी मला घेरी आली. रुग्णांनीच मला उचलून रिकाम्या खाटेवर निजवलं आणि एका म्हाताऱ्यानं पत्रावळीनं वारा घातला. शुद्धीवर आलो तेव्हा दारात अक्का उभ्या होत्या. पदर तोंडाला होता, पण हसू डोळ्यांत दिसत होतं. झग्याची चेन उघडली गेली असल्यामुळं आता मलाही तिथंच राहावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तिथला संडास रोज सकाळी सुमन धुवायची. ठेक्यावरच्या कामगारांतली ती सगळ्यांत नवी. निम्मे कमी झाले असते तर पहिलं नाव तिचं होतं. एकदा तिनं बाहेरून आवाज दिला, “सभापती, पानी जपून वापरा. टाकी रिकामी हाय.” पाणीपुरवठ्याचं खातं माझं होतं. मी बादलीत तांब्या हळूच बुडवला.

दुसऱ्या लाटेत हजेरीतले पांडबा गेले. गावचं गटार त्यांनी आयुष्यभर काढलं होतं. त्या दिवशी सभा होती. मी श्रद्धांजलीचं भाषण करायला उठत होतो, पण शेजारच्या सदस्यानं माझा सदरा धरून मला खाली बसवलं. पांडबांच्या बायकोला कामावर घ्यायचा ठराव झाला आणि कुणीही चर्चा केली नाही.

त्यानंतरची निवडणूक आली तेव्हा तिजोरी कोरडी होती. रस्ते उखडलेले, निम्मे दिवे बंद. पाच वर्षांत काय केलं, असं लोक विचारायचे आणि विरोधक खड्ड्यांकडे बोट दाखवायचे. मी अक्कांना म्हणालो, आपण काय केलं ते ओरडून सांगू या.

“मेलेली मानसं समद्यांच्या ध्यानात ऱ्हात्यात,” त्या म्हणाल्या. “वाचल्याली कोन दावायची? त्यास्नी बी ठावं न्हाई, आपन वाचलोय म्हनून.”

अक्का पडल्या. मीही पडलो, जास्त मतांनी.

कार्यभार सोडायच्या दिवशी आम्ही दोघं कचेरीतून बाहेर आलो. फाटकापाशी सफाई कामगार रांगेत उभे होते, काम संपवून, गणवेशातच. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. उन्हात कशाला थांबलाय, घरी जावा, म्हणून अक्का त्यांना रागावल्या. जागचं कुणी हललं नाही. एकेकजण हात जोडत होता आणि अक्का खाली मान घालून पुढं जात होत्या.

मी त्यांच्या दोन पावलं मागं होतो. अक्का पुढं सरकल्या तरी जोडलेले हात काही लगेच खाली येत नव्हते. त्यामुळं उरलेसुरले नमस्कार मला मिळाले. मी ते घेतले.