पंतनगरच्या मावशीचं जपान

कुठलाही कपडा शिवायला घेताना मावशी आधी माप घेत नसे. आधी विचारायची, "ह्यात तू काय करणार? बसणार, चालणार की धावणार?" लग्नातला ब्लाउज असला तरी हेच. "स्टेजवर नुसती उभी राहणार असशील तर वेगळा शिवते, आणि हळदीला नाचणार असशील तर वेगळा." घाटकोपरच्या पंतनगरात, तळमजल्यावरच्या तिच्या घराची बाहेरची खोली हेच तिचं दुकान. एक मशीन, एक टेबल आणि भिंतीवर गिरणीतून सुटल्यावर लवकरच वारलेल्या नवऱ्याचा फोटो. नाव सुलभा, पण ते फक्त रेशनकार्डावर. वसाहतीला ती मावशी होती.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि जपानी ॲनिमेच्या, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकांच्या, पूर्ण आहारी गेले होते. गोरेगावला अशा वेड्यांचा मेळावा भरायचा. आवडत्या पात्राचा वेश करून तिथे मिरवायचं. मला व्हायचं होतं एका मालिकेतली नावाड्याची मुलगी. पुरात वाहून गेलेल्या धाकट्या बहिणीला गावोगाव शोधणारी, आणि तलवारीऐवजी वल्ह्याने लढणारी. तिचं चित्र घेऊन मी तीन शिंप्यांकडे जाऊन आले. एकाने "आम्ही नाटकाचे कपडे शिवत नाही" म्हणून हाकललं, दुसरा नुसताच हसला, तिसऱ्याने तिला सलवार सुचवली.

मावशीने चष्मा पदराला पुसला आणि चित्र बराच वेळ न्याहाळलं.

"ही धावते?"

"धावते, पोहते, वल्ह्याने मारामारी पण करते."

"मग बघायला हवी. चित्रावरून कसं कळणार काखेत किती सैल सोडायचं ते?"

मी मोबाइल मशीनला टेकवून उभा केला आणि पहिला भाग लावला. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. मावशीला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी वाचून मराठीत सांगत गेले. मावशीचा बाप गावाकडे, देवबागला, होडी चालवायचा. मुलीने वल्हं हातात घेतल्याबरोबर मावशी पुढे सरकली. "वल्हा असा धरतत?" असं पुटपुटली, मग पाण्यातला पहिला हात बघून म्हणाली, "नाय, बरोबर धरल्यान. काढणाऱ्याने होडी बघितलेली आहे."

कपडा आठ दिवसांत शिवून झाला. मालिका संपायला पाच महिने लागले. दोन ते चार गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा मी कॉलेजातून थेट तिच्याकडे. ती काजं करायची, मी वाचायची. पण नुसतं वाचून तिचं समाधान होत नसे. एकदा ती मुलगी सावकाराच्या दारात उभी राहून बोलते तो प्रसंग होता. मी वाचलं, "कृपया माझ्या बहिणीबद्दल काही माहिती असल्यास सांगा."

मावशीचा हात थांबला. "असं बोलेल ती? चार दिवस उपाशी पोरगी, बहीण हरवलेली, आणि 'माहिती असल्यास'? तू काय रेल्वेची अनाउन्समेंट करतेस? परत सांग."

मी परत सांगितलं. तिसऱ्या वेळेला ती "हां, आता ती बोलली" म्हणाली. मी जपानी शिकायला क्लास लावला तो त्यानंतर महिन्याभरात. मूळ बोलणं काय आहे ते कळल्याशिवाय मावशीपुढे आपला निभाव लागणार नाही, हे मला कळून चुकलं होतं.

गोरेगावच्या मेळाव्यात माझा कपडा गाजला. वल्हं फिरवलं तरी कुठे उसवला नाही की ओढला नाही. पुढच्या वर्षी मुलुंड, अंधेरी, बोरिवली इथून मुली मावशीचा पत्ता विचारत यायला लागल्या. वसाहतीतल्या बायका आधी हसल्या, मग खिडकीतून बघायला लागल्या. मावशी प्रत्येकीला मालिका लावायला सांगायची आणि मगच कात्री उचलायची. एका मुलीने "मी स्वतः अजून पूर्ण बघितली नाहीये" अशी कबुली दिली, तर मावशीने तिला कापडासकट परत पाठवलं. "आधी बघून ये. ओळख नसलेल्या माणसाचे कपडे अंगात घालू नयेत."

किमोनोचं कापणं तिला कळलं तेव्हा ती दोन दिवस दुसरं काही बोलत नव्हती. एकाच अरुंद ठाणातून सगळे तुकडे सरळ कापायचे, गळ्यालासुद्धा गोलाई नाही, कतरण जवळजवळ शून्य. उसवला की तुकडे जोडून परत तेवढंच ठाण. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आपल्या लुगड्याला टाका नाही, त्यांच्या किमोनोला चिंधी नाही. दोघांनी कापडाचा मान ठेवलाय बघ."

शिकत शिकत मी दुभाषी झाले आणि ओसाकातल्या एका कंपनीत लागले. फोनवर मावशी माझी तब्येत विचारण्याआधी विचारायची, "आज बायकांनी काय घातलं होतं?" दुसऱ्या वर्षी दिवाळीला घरी आले आणि फराळाचा डबा घेऊन तिच्याकडे गेले. ती एका बाईशी बोलत होती. तीस वर्षं तिच्याकडेच शिवणारी ती बाई, चेहरा पाडून उभी होती. ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या झाल्या होत्या.

बाई गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली. "मावशी, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मला शिकवू नकोस."

ती टेबलावरचा खडू चाचपत राहिली. मग म्हणाली, "समोरचं दिसतं गो. बाजूचं नाही. बोगद्यातून बघितल्यासारखं. काचबिंदू म्हणाले. गेलेली नजर येणार नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची. प्रमोदला सांगू नकोस, तो मला उचलून गावाला नेईल."

प्रमोद म्हणजे तिचा मुलगा. देवबागला पर्यटकांसाठी खानावळ चालवायचा. मी त्याला त्याच दिवशी फोन केला आणि सगळं सांगितलं. शेवटी हेही सांगितलं, की परत जाताना मी तिला तीन आठवडे जपानला नेणार आहे. पासपोर्ट तिने कधीच काढून ठेवला होता, माझ्याही नकळत. व्हिसाची कागदपत्रं जमवायला माझी रजा पंधरा दिवस वाढवावी लागली.

प्रमोद मुंबईला आला तो भडकूनच. "आई, ह्या डोळ्यांनी तू जपान बघणार?"

"मग दुसरे खंयसून हाडू?" मावशी म्हणाली. "हेच असत. तेही चाललेत. म्हणून तर आत्ताच जातंय."

निघायच्या दिवशी प्रमोदनेच तिची बॅग भरली, आणि कुठल्या बाटलीतले थेंब कधी घालायचे ते मला लिहून दिलं.

जपानमध्ये तिच्याबरोबर फिरणं सोपं नव्हतं. ती माझ्या डाव्या दंडाला धरून चालायची आणि जे बघायचं त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची, लोक वळसा घालून जायचे. ओसाकात ॲनिमेवाल्या दुकानांच्या गल्लीत एक मुलगी आमच्या नावाड्याच्या मुलीचा वेश करून फोटो काढून घेत होती. मी "मावशी, नको" म्हणेपर्यंत मावशीने तिची बाही पकडून उलटी केली होती आणि नाकाशी धरून शिवण बघत होती. मी माफी मागायला वाकले. "ही मुंबईत हेच कपडे शिवते," एवढंच सांगू शकले. त्या मुलीने दुसरी बाही स्वतःहून उलटी करून पुढे केली. मावशीने टाका बोटाने तपासला आणि म्हणाली, "हिला सांग, आतून पण साफ आहे. आईने शिवलं असणार." मी विचारलं. आजीने शिवलं होतं.

क्योटोच्या एका देवळात ती बुद्धाच्या मूर्तीपुढे थांबली. "तुझ्या घरात फोटो आहे, तो हाच ना? हयसरचो काय गो तो?"

"नाही मावशी, आपल्याकडचाच. इकडे आला आणि राहिला."

"बरा केल्यान. साफसफाई असा हयसर." हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते दोन दिवस हसत होते.

त्याच क्योटोत, माझ्या ऑफिसातल्या एका बाईंच्या ओळखीने, एका म्हाताऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी गेलो. त्या जुना किमोनो धुण्यासाठी उसवत होत्या. चटईवर तुकड्याला तुकडा जोडून कापडाची लांबच लांब पट्टी पसरलेली. मावशी खाली बसली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवत सरकत गेली. मी दोघींचं बोलणं इकडून तिकडे पोचवत होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की मला कुणी विचारतच नाहीये. एक मालवणीत बोलत होती, एक क्योटोच्या बोलीत, आणि दोघींच्या माना हलत होत्या.

त्या बाईंनी मावशीला सुईत दोरा ओवताना बघितलं. तीनदा चुकला. त्यांनी सुई तिच्या हातातून घेतली. दोरा ओवून दिला, मावशीचं मनगट धरलं आणि त्यांची पद्धत दाखवली. उजव्या हातातली सुई जवळजवळ स्थिर ठेवायची आणि दोन्ही हातांनी कापड खाली-वर हलवत तिच्यावर चढवायचं. चाळीस वर्षं सुई चालवलेल्या हाताला ते आधी जमेना. मग मावशीने डोळे मिटले. बोटांनी कापड हलत गेलं, सुईवर चुण्या गोळा होत गेल्या. तिने दोरा ओढून कापड पसरलं तेव्हा वीतभर शिवण सरळ होती.

"बघ गो," ती डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, "डोळे गेले तरी हे होईल."

डोळे जाणार, हे ती तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने बोलली. त्या बाईंनी मला तिचं वाक्य विचारलं. मी ते सांगण्याऐवजी मावशीच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिले. त्यांनी चहा आणते म्हणून उठून आम्हाला थोडा वेळ दिला.

परत आल्यावर मावशीने मशीन विकलं आणि आणखी दोन वर्षं हाताने शिवलं. कमरेचे पट्टे, कॉलर, सरळ शिवणी. कापायला मुलुंडची एक मुलगी यायची. मग पंतनगरची ती इमारत पुनर्विकासाला गेली आणि मावशीने गावाला जायचं ठरवलं. मी रजा काढून आले. कुर्ला टर्मिनसवर तिला पोचवायला आम्ही अकरा जणी होतो. एकीने येताना मेळाव्याचा पूर्ण वेश केला होता आणि हमाल तिच्याकडे बघत होते. मावशीने माझ्या खांद्यांवर हात ठेवले, वितीने मोजल्यासारखे, आणि म्हणाली, "खांदे उतरलेत तुझे. काम कमी कर."

गेल्या आषाढात ती गेली. झोपेत गेली, असं प्रमोदने कळवलं. मला यायला दोन महिने लागले. देवबागला पोचले तर प्रमोदच्या बायकोने, वृषालीने, मला पडवीत बसवलं आणि कोकम सरबत दिलं. म्हणाली, शेवटचं वर्षभर आईंना काहीच दिसत नव्हतं, पण रोज चहाच्या वेळेला वाडीतल्या बायका इथे जमायच्या आणि आई त्यांना जपान सांगायच्या. लाल पानांचे डोंगर, तळ्यावरचे पूल, आणि सगळ्यात जास्त बर्फ. बर्फात पाय कसे रुतायचे, कौलांवरून बर्फ कसा घसरून पडायचा, पडताना आवाज कसा यायचा.

आम्ही गेलो होतो तेव्हा झाडांची पानं लाल व्हायला लागली होती. बर्फाला अजून महिनाभर अवकाश होता.

एव्हाना शेजारच्या दोन-तीन बायका येऊन पायरीवर बसल्या होत्या. त्यातली सगळ्यात म्हातारी मला म्हणाली, "तू होतंस ना तिच्या वांगडा? ती सांगी ता खरा काय गो? एवढो बर्फ?"

"हो," मी म्हटलं. "घोट्याच्या वर. मी तिचा हात धरला होता."