पुढच्या दुकानात बघू की

अंगठा पदराला पुसायचा, मोबाइलच्या पडद्यावर टेकवून झर्रकन वर सरकवायचा आणि म्हणायचं, "पुढच्या दुकानात बघू की." इंटरनेटवर काहीही शोधायचं असलं की अक्कांची ही रीत. पहिल्या उत्तराकडे त्या ढुंकूनही बघत नसत.

मुलांनो, अक्का तुम्हाला आठवत असतील. आपल्या खालच्या मजल्यावर राहायच्या, दारात शिलाई मशीन मांडून टॉवेलच्या कडा शिवायच्या. तुम्ही सुट्टीत आलात की तुमच्या हातात कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी ठेवायच्या. घरात त्यांचं तेलुगू चाले, दारात मराठी. बोलता दोन्ही येई, वाचता मात्र मराठीच. जन्म सोलापूरचा, शाळाही इथलीच.

एकदा मी त्यांच्याबरोबर नवी पेठेत परकराचं कापड घ्यायला गेले. पहिल्याच दुकानात हवं तसं मिळालं, म्हणून मी पिशवी पुढे केली, तर अक्कांनी दंडाला धरून मला बाहेर काढलं. म्हणाल्या, "ताई, पहिलं दुकान घाईवाल्यांचं असतंय." मग भर उन्हात सगळी पेठ पालथी घालून आम्ही परत त्याच दुकानात आलो. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. आता खात्री झाली की, एवढंच म्हणाल्या. मुलीने मोबाइल घेऊन दिल्यावर हाच नियम त्यांनी मोबाइललाही लावला.

टाइप करणं त्यांना रुचत नसे. बशीतला चहा फुंकावा तसा मोबाइल तोंडासमोर आडवा धरून त्या विचारायच्या. "मशीनचा पट्टा कुटं मिळतोय ते सांग, हाय का जवळ?" यातलं 'हाय' ऐकून मोबाइल कधी कधी गोड आवाजात त्यांनाच 'हाय' करायचा. 'आहे' म्हणून बघा, असं मी सुचवलं. त्यावर त्या म्हणाल्या, आता या वयात मी बोली बदलू व्हय? रोज ऐकतोय, तर त्यानंच शिकावं की.

एका सकाळी त्या जिना चढून वर आल्या आणि दारातच म्हणाल्या, "ताई, अत्ता जेवत न्हाईत."

मी म्हटलं, आत्ता भूक नसेल, दुपारी जेवतील. पण कोण जेवत नाही?

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. अत्ता म्हणजे तेलुगूत सासूबाई.

त्यांच्या सासूबाई फार थकल्या होत्या. आठवण अलीकडून पुसत पुसत पार मागे गेली होती. मुलाला ओळखत नव्हत्या. ताट पुढे केलं की तोंड फिरवायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "सज्जा." डॉक्टरांनी बजावलं होतं की पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. अक्कांना ती नळी नको होती. माझी सासू तोंडानं जेवंल, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आता सज्जा म्हणजे गॅलरी, हे तुमच्या आईबाबांना तरी ठाऊक असेल. खालच्या मजल्याला गॅलरी कुठली? म्हणून अक्का सासूबाईंना धरून, पायरीपायरीवर थांबत, आपल्याकडे वर आणू लागल्या. मी गॅलरीत आजोबांची वेताची खुर्ची मांडून ठेवली. अत्ता तीत बसायच्या, खालच्या रिक्षा बघायच्या, कठड्यावरून हात फिरवायच्या आणि पुन्हा म्हणायच्या, "सज्जा."

"बसलाव की सज्ज्यात," अक्का काकुळतीने म्हणायच्या. "आता घास घ्या."

अत्ता तोंड फिरवायच्या.

मी म्हटलं, अक्का, या वयात शब्द नुसतेच ओठावर येतात, त्यांना अर्थ असतोच असं नाही. त्यांनी मान हलवली. "न्हाई ताई. शब्द हाय म्हंजे वस्तू हाय."

आणि त्या शोधत राहिल्या. मोबाइल त्यांना लोखंडी सज्जे दाखवायचा, संगमरवरी सज्जे, झोपाळा टांगलेले सज्जे. कधी चुकीचं ऐकून कोर्टातल्या सजा सांगायचा. अक्कांचा अंगठा सरकतच राही. नवऱ्याला विचारलं, तर तोही म्हणाला, आईच्या तोंडून हा शब्द कधी ऐकला नाही.

मला मात्र ते 'अत्ता' आठवत राहिलं. एका भाषेत सासू, दुसऱ्या भाषेत या क्षणी. हा शब्दही तसलाच असेल तर? अक्का म्हणाल्या, तेलुगू मी रोज बोलते, मला कळलं नसतं व्हय? मी विचारलं, तुम्ही सोलापूरच्या, पण अत्ता कुठल्या? त्या तेलंगणातल्या एका खेड्यातून लग्न होऊन आलेल्या. इथे बाजारात जे ज्या नावाने मिळे, तेच नाव त्यांच्या घरात रुळलं होतं.

मी माझ्या मोबाइलमध्ये आवाजाची भाषा तेलुगू केली आणि तो अत्तांच्या तोंडाशी धरला. अत्तांनी आधी मोबाइलकडे, मग सुनेकडे पाहिलं. "सज्जा," त्या म्हणाल्या.

पडदाभर गोल गोल अक्षरं उमटली. "वाचा की ताई," अक्का म्हणाल्या. मला कुठलं येतंय? आम्ही तिघी त्या अक्षरांकडे बघत बसलो. मग अक्कांनी माझ्या हातून मोबाइल घेतला आणि चित्रांवर बोट दाबलं. आधी कुणी हसरा नट आला. अंगठा पदराला पुसला गेला. पुढचं दुकान. सिमेंटचं छप्पर. त्याच्या पुढचं दुकान. आणि मग एका सुपात हिरवट राखाडी, बारीक दाण्यांची रास.

अक्कांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"ताई, ही तर बाजरी."

आपल्याकडे रोज ज्वारीची भाकरी. बाजरी भोगीपुरती. अक्कांनी त्याच दिवशी पीठ आणलं, भाकरी थापली, गरम दुधात कुस्करली आणि वाटी घेऊन वर आल्या. अत्तांनी वास घेतला आणि तोंड उघडलं. वाटी निम्मी झाल्यावर त्या सुनेला तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या. काय म्हणाल्या, मी विचारलं. अक्का नाक ओढत म्हणाल्या, "म्हंत्यात, रांधायला इतका उशीर लावतेस व्हय."

नळी लागली नाही. अत्ता पुढच्या उन्हाळ्यात झोपेतच गेल्या, पण तोवर तोंडाने जेवल्या. मग अक्कांच्या नवऱ्याचा टॉवेलचा कारखाना बंद पडला आणि दोघं मुलीकडे हैदराबादला गेली. तिथे सगळ्या पाट्या त्या गोल अक्षरांत असणार. त्यांचा जुना नंबर आता लागत नाही.

मुलांनो, उद्या मीही एखादा शब्द धरून बसले आणि तो तुम्हाला कळला नाही, तर पहिल्या दुकानात थांबू नका, एवढं लक्षात असू द्या.

माझ्या मोबाइलच्या आवाजाची भाषा मी अजून तेलुगूच ठेवली आहे. आज सकाळी वेताच्या खुर्चीत बसून, बशीसारखा आडवा धरून, मी त्याला म्हटलं, "अक्का." तेलुगूत अक्का म्हणजे मोठी बहीण. शेकडो बायकांचे फोटो आले, कुणाकुणाच्या बहिणी. त्यांत आपल्या अक्का नव्हत्या. मी अंगठा पदराला पुसला आणि पडदा वर सरकवला.