पेडगावचा तो फोटो कुणी हटवला

आमच्या शेतीच्या चर्चामंचावर पेडगावच्या एका शेतकऱ्याने टाकलेला फोटो तिथून कुणी हटवला, हा वाद दोन वर्षांपूर्वी मिटला असं सगळे समजतात. मला मात्र तो अजून एका जागी बसू देत नाही. फोटो मी हटवला होता.

निवृत्तीनंतर मीच हा मंच सुरू केला. सभासद वाढले, माझे डोळे थकले, तेव्हा मदतीला दोन सहायक ॲडमिन घेतले. आधी पोखर्णीचे एक दुकानदार, मग ताडकळसच्या एक शिक्षिका, ज्या घरची शेतीही बघतात. दोघंही हौसेने काम करायचे. नियम मी घातला होता: सहायकांनी वादाचा मजकूर फक्त झाकायचा, कायमचा काढायचा अधिकार माझा एकट्याचा. ते बटणच त्यांना दिलं नव्हतं, नवख्यांच्या हातून चूक नको म्हणून.

चूक माझ्या हातून झाली. सोयाबीनवर तणनाशक आणि अळीचं औषध एकाच पंपात चालेल का, असं त्या शेतकऱ्याने विचारलं होतं. बाटल्यांवरची नावं धड न वाचता मी 'चालेल' लिहिलं. आठवड्याने त्याने करपलेल्या पानांचा फोटो टाकला. खाली एकच ओळ होती: सरांनी सांगितलं तसंच केलं. मी चहा तसाच ठेवला आणि फोटोसकट माझं उत्तरही काढून टाकलं. तिथे उरलं, 'ॲडमिनने मजकूर काढला.' कुठल्या ॲडमिनने, ते दिसत नसे.

संशय शिक्षिकेवर गेला, कारण त्या नव्या होत्या आणि काढायचं बटण कुणाकडे आहे ते सभासदांना ठाऊक नव्हतं. "मास्तरीणबाई, हा तुमचा वर्ग न्हाई," इथून सुरू झालं आणि त्यांना औषधवाल्यांकडून काही मिळतं, इथपर्यंत गेलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

"सर, माझ्याकडं ते बटणच न्हाई. तुमाला तर माहीत हाय."

"बघतो," मी म्हणालो.

काहीच बघितलं नाही. त्यांनी काम सोडलं. ताडकळसच्या बाजाराला जाणं मी बंद केलं. बायकोला गुडघ्याचं कारण सांगितलं.

परवा हे सगळं मंचावर लिहिलं. अंगणात दोन फेऱ्या मारून येतो, तर मजकूर झाकलेला. दुकानदारांचा फोन आला. "सर, आता कशाला उकरायलाय? लोक लय मानतात तुमाला."

"आणि बाईंना?" मी विचारलं आणि फोन ठेवला.

झाकलेलं मी उघडलं. पहिला प्रश्न पेडगावहूनच आला: मंग दोन वर्षं बाईंना बोलणी खाऊ दिली का, सर?

मी 'हो' एवढंच लिहिलं आणि ताडकळसला फोन लावला. बाईंनी उचलला नाही. पुन्हा लावला नाही. उद्या तिथला बाजार आहे. सकाळच्या गाडीने जातो.