हळदीच्या हातातला चाकू

खिशात रोज बाळगायचा चाकू कसा असावा, या विषयावर आमच्या घरात जेवढा खल झाला, तेवढा माझ्या लग्नाच्या याद्यांवरसुद्धा झाला नसेल. चौपन्न-पंचावन्न साल असावं. अंधेरीला एका बैठ्या चाळीत मी आणि आई दोन खोल्यांत राहत होतो. शेजारच्या दोन खोल्या मामा-मामीच्या. वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तेव्हापासून मामाने, म्हणजे आईच्या धाकट्या भावाने, आम्हाला आपल्या भिंतीला भिंत लावून ठेवलं होतं. तो कुर्ल्याच्या एका कारखान्यात फिटर होता. हत्यारांबद्दल त्याच्यापुढे कोणी तोंड उघडू नये, आणि मी नेमकं तिथेच उघडायचो.

मामाचा चाकू म्हणजे खिशातला कारखाना होता. दोन पाती, स्क्रू पिळायचं चपटं टोक, डबे फोडायचा आकडा, कातड्याला भोक पाडायची आरी आणि बुचं काढायचा मळसूत्री काटा. त्या काट्याने मामाने जन्मात एक बूच काढलं असेल तर शपथ, पण सुतळीच्या निरगाठी त्याने काय सुरेख सुटायच्या! मूठ खडबडीत शिंगाची होती, घामेजल्या हातातूनही निसटायची नाही. वजन मात्र एवढं, की मामाच्या पँटचा उजवा खिसा कायम लोंबलेला. मामी त्या खिशाला सारखी ठिगळं लावायची आणि म्हणायची, "एक दिवस चाकू घरी येईल नि पँट कारखान्यात राहील."

माझा चाकू मी फोर्टातल्या कचेरीत चिकटल्यावर घेतलेला. करंगळीएवढा, चकचकीत शिंपल्याच्या मुठीचा. दोन टोकांना दोन पाती, त्यातलं एक तर नखाएवढंच. खिशात आहे की पडला, हे चाचपून बघावं लागे. पेन्सिलीला टोक करावं, पाकिटाची कड कापावी, मोसंबं सोलावं, एवढंच त्याचं काम. जाड पुठ्ठा कापायला घेतला की पातं लटपटायचं.

"हा चाकू नाही रे, बाईच्या गळ्यातलं पदक आहे," मामा म्हणायचा. मला फार राग यायचा, कारण ते खरं होतं.

रविवारी आम्ही दहिसरच्या नदीवर जायचो. तेव्हा तिथलं पाणी स्वच्छ होतं, आणि तळाचे गोटे मोजता यायचे. खडकावर बसून पेरू कापायचे, वेळूच्या काटक्या तासायच्या आणि कोणाचा चाकू सरस यावर भांडायचं, हा आमचा रविवार. धार बोथटली की मामा तिथल्याच एका गुळगुळीत दगडावर पाणी टाकून पातं घासत बसायचा. तेवढा वेळ तो काही बोलायचा नाही आणि मलाही गप्प बसणं जमायचं. त्या रविवारांची आठवण आली की अजून जीव हळवा होतो.

पण खरा मान होता तिसऱ्या चाकूला. तो वडिलांचा. आईच्या ट्रंकेत, वडिलांच्याच एका रुमालात गुंडाळलेला असायचा. मूठ शिसवीची, पितळी खिळ्यांनी जडवलेली. पातं एकच. धार सरळ, आणि पाठ शेवटाला वळून धारेवर उतरलेली, त्यामुळे टोक असं नव्हतंच. पोलाद जुन्या तऱ्हेचं, कैऱ्या-पेरू कापून कापून काळंनिळं पडलेलं. मामा तो बघायला मागायचा आणि हातात आला की वाद विसरायचा.

"रोजच्या खिशाला हाच बरा," तो म्हणायचा. "एक पातं, पण लटपटत नाही. खिशात बोटाला टोचत नाही. पेन्सिल तासायला टोक लागतं कुठे?" मग तो चाकू दोन-तीनदा उघडायचा आणि मिटायचा. प्रत्येक वेळी स्प्रिंग कटकन वाजायची. तेवढ्यात आईचा हात पुढे आलेला असायचा. "बस झालं, दे इकडे." की चाकू परत रुमालात आणि रुमाल ट्रंकेत.

माझं लग्न ठरलं ते दादरच्या मुलीशी. आमच्यात हळद लागली की नवरदेवाने हातात लोखंड धरायचं, चाकू किंवा सुरी, तिच्या टोकाला लिंबू टोचायचं, आणि लग्न लागेपर्यंत ते सोडायचं नाही. जेवताना डाव्या हातात, निजताना उशाखाली. हळदीच्या अंगाला नजर लागू नये म्हणून. मामीने स्वयंपाकघरातली सुरी काढूनही ठेवली होती. पण आई म्हणाली, "सुरी नको. ह्यांचा चाकू धर."

आई हळदीला पुढे येणार नव्हती. विधवा बाईने पोटच्या मुलालाही हळद लावायची नाही, हे त्या काळी कोणाला सांगावं लागत नसे. ती आपणहूनच आतल्या खोलीत बसणार होती. मला ते मुळीच पटत नव्हतं, पण चारचौघांसमोर तसं म्हणायची हिंमत मी केली नाही. आजही स्वतःचा राग येतो. आई एवढंच म्हणाली, "मी नसले पुढे तर नसले. ते तरी असू देत तुझ्याजवळ."

मामाने डोकं खाजवलं. "अगं ताई, पण याला टोकच नाही. लिंबू टोचायचं कुठे?"

"चीर पाडून बसवा," आई म्हणाली. तिने सगळा विचार आधीच केलेला होता.

मी हो म्हटलं खरं, पण मनातून खट्टू होतो. मुलीकडची माणसं शिकलेली, मुलीचा भाऊ वकील, आणि माझ्या हातात हा काळाठिक्कर चाकू! माझा शिंपल्याचा किती शोभला असता. मग हळदीच्या आदल्या दुपारी आईने ट्रंक उघडून चाकू माझ्या हवाली केला, आणि माझ्यातला अतिशहाणा जागा झाला.

मी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशी बसलो. चिंच लावली, विटेची वस्त्रगाळ पूड घेतली आणि पातं घासायला लागलो. तासाभराने आतलं पोलाद दिसू लागलं. मग सांध्यात रॉकेल सोडलं आणि टाचणीने खाच कोरून काढली. तपकिरी भुगा निघाला, पेन्सिलीच्या शिशाचा काळा गाळ निघाला. तो सगळा मी तांब्याभर पाण्याने धुऊन टाकला. मुठीला खोबरेल चोळलं. कपडे वाळत घालताना मामी हसून म्हणाली, "उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग!" मीही हसलो. पातं इतकं लखलखीत झालं होतं की त्यात माझे दात दिसत होते.

आई आत लग्नाचे लाडू डब्यात भरत होती. चाकू तिच्यापुढे धरून मी म्हणालो, "बघ आई, ओळखू येतो का?"

तिने हात पुसले आणि चाकू घेतला. उघडला. पात्याकडे तिने पाहिलंच नाही. जिथे पातं मुठीत शिरतं तो सांधा तिने नाकाशी नेला. मग चाकू मिटला, पुन्हा उघडला, पुन्हा नाकाशी नेला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वडील तंबाखू खायचे. तंबाखूच्या पानाच्या शिरा ते याच चाकूने काढायचे, ओट्यावर बसून, रोज जेवण झाल्यावर. तो भुगा सांध्यात बसलेला होता. तेरा वर्षं आई अधूनमधून दुपारी ट्रंक उघडून बसायची, आणि मला वाटायचं ती काहीतरी शोधते आहे. ती काहीच शोधत नव्हती. आणि मी तिथे रॉकेल ओतलं होतं.

"आई," मी म्हणालो.

"छान निघालाय हो," ती म्हणाली. "अगदी नवा कोरा." पदराने तिने पातं पुसलं, चाकू मिटला आणि माझ्या हातावर ठेवला. "घे. आता हा तुझा झाला. रुमाल तेवढा राहू दे माझ्याकडे."

ती पुन्हा लाडू भरायला लागली. तिने रडावं, निदान मला चार शब्द सुनवावेत, असं वाटत होतं. पण तिने फक्त डब्याचं झाकण मागितलं, आणि मी ते दिलं.

दुसऱ्या दिवशी हळद लागली. मामाने चीर पाडून लिंबू घट्ट बसवलं. दादरला कार्यालयात पोचेपर्यंत मी चाकू क्षणभरही सोडला नाही. मुलीचा वकील भाऊ सामोरा आला, माणूस मोठा अगत्याचा. माझ्या हाताकडे बघून कौतुकाने म्हणाला, "वा! लग्नासाठी खास नवीन घेतलात वाटतं?"

आई माझ्या मागे, चार पावलांवर बायकांमध्ये उभी होती. माझ्या वडिलांचा आहे, एवढंच सांगायचं होतं. त्यासाठीच तर तिने तो ट्रंकेतून काढून दिला होता. पण त्या लखलखीत पात्यात वडिलांचं म्हणावं असं काहीच मी उरू दिलं नव्हतं.

मी "हो" म्हणालो.