एसी बसवायला किती लागतील?

घर बघितल्याशिवाय एसीचा भाव सांगता येत नाही, आणि एकदा घरात शिरलं की तिथली गोष्ट ऐकल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. त्यामुळे कॅनडातल्या सरे गावच्या आमच्या छोट्याशा ऑफिसात पैसे बेताचेच साठले, पण किस्से मात्र घर तापवणाऱ्या फर्नेसच्या फिल्टरवर धूळ साठावी तसे साठत गेले. झटकायचं म्हटलं तरी सगळे निघत नाहीत.

ऑफिस म्हणजे एका प्लाझाच्या मागच्या बाजूची खोली. मालक बलदेवजी, पण गिऱ्हाइकांपासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळे त्यांना पाजीच म्हणायचे. मी नागपूरची. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आले, माझ्या डिग्रीला इथे कोणी विचारेना, म्हणून त्यांच्याकडे फोन घ्यायचं काम धरलं. पुढे एस्टिमेट द्यायला जाताना पाजी मलाही गाडीत बसवून न्यायला लागले. त्यांचं म्हणणं, "सुनीताजी, असली बात घर की औरत को पता होती है, और वो मुझे नहीं, आपको बताएगी."

पाजी आता रिटायर होऊन मुलीकडे कॅलगरीला गेलेत. आमच्या जागेत मोबाइलची कव्हरं विकतात. तरी त्या प्लाझात ग्रोसरीला गेले की माझे पाय आपोआप मागच्या दाराकडे वळतात.

*

फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "एसी बसवायला किती लागतील?"

फोन स्पीकरवर असायचा, आणि पाजींचं उत्तरही ठरलेलं. "पहले आप बताइए, शादी में कितना लगता है?"

समोरचा हसायचा आणि मग मला चौकशीला वाव मिळायचा. घरात हवा खोल्यांत नेणारे डक्ट आहेत का? इलेक्ट्रिकल पॅनेल किती जुनं? बाहेरचं युनिट ठेवायला जागा आहे का? डक्ट आधीपासून असतील तर साधारण पाच ते आठ हजार डॉलर धरायचे. नसतील तर खोलीत भिंतीवर युनिट लावायचं, त्याला एका खोलीचे चार-पाच हजार, आणि खोल्या वाढल्या की बिल वाढणार. हीट पंप घेतला तर तो हिवाळ्यात घर गरमही करतो, पण त्याचा आकडा मी समोरच्याला आधी खुर्चीत बसवूनच सांगायची.

एकदा दिल्लीकडच्या एका गृहस्थांनी मात्र पाजींच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं. त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं. "साडे चार सौ लोग, दो दिन, डेकोरेशन अलग," असं म्हणून त्यांनी सगळा हिशोब डॉलरसकट सांगितला. पाजी ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "भाईसाब, इतने में तो मैं आपकी पूरी गली ठंडी कर दूँ."

काम आम्हालाच मिळालं. जूनमध्ये ऑफिसच्या पत्त्यावर लग्नाची पत्रिकाही आली. पाजी सहकुटुंब जाऊन आले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "कसं झालं लग्न?"

"खाना बढ़िया था," पाजी म्हणाले. "हॉल का एसी छोटा पड़ रहा था."

*

देशपांडे काका रिटायर्ड इंजिनिअर. इकडे आले तेव्हा आसपास मराठी बोलणारं कोणी नव्हतं, असं ते अभिमानाने सांगायचे. घरही तेव्हाचंच. पाजींनी बेसमेंटमधलं पॅनेल उघडून पाहिलं आणि सांगितलं की हे फार लहान आहे, एसीचा भार सोसणार नाही, आधी हे बदलावं लागेल. त्याचे आणखी तीन-चार हजार.

काका खवळले. "आयुष्यभर याच पॅनेलवर घर चाललंय. कधी काही कमी पडलं नाही."

त्यांनी पाजींना कागदावर गणित करून दाखवलं. कशाला किती वीज लागते, एका वेळी काय काय चालतं, सगळं. गणित बरोबर दिसत होतं. पाजी बिचारे डोकं खाजवत उभे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू हात पुसत जिन्यापर्यंत आल्या.

"अहो," त्या वरूनच म्हणाल्या, "इतकी वर्षं मी ड्रायर बंद झाल्याशिवाय ओव्हन लावत नाही, ते काय मला हौस म्हणून?"

काकांनी कागदाकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. "मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी कपडे वाळवलेत?"

पॅनेल बदललं. एसी लागला त्या दिवशी काकूंनी ड्रायर, ओव्हन आणि डिशवॉशर एकदम लावून आम्हाला केक खाऊ घातला. काका म्हणाले की केक थोडा करपलाय. तो करपला होताच, पण काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

*

जुलैतल्या एका दुपारी एका मराठी मुलाचा फोन आला. आवाज कापत होता. "ताई, एसी काढायला किती लागतील?"

मला वाटलं, चुकीचं ऐकलं. "बसवायला ना?"

"नाही ताई. काढायला."

तो आणि त्याचे मित्र कॉलेजात शिकणारे, एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे. वरच्या मजल्यावर घरमालकांनी नवीन एसी बसवला होता. तापमान ठरवायचा थर्मोस्टॅट वरती. वरचा मजला उन्हाने तापायचा, म्हणून एसी अखंड चालायचा, आणि गार हवा त्याच डक्टमधून खालीही यायची. बेसमेंट तर आधीच गार. आम्ही गेलो तेव्हा बाहेर लोक चड्डीवर फिरत होते आणि ही मुलं कानटोपी घालून सोफ्यावर एकमेकांना चिकटून अभ्यास करत होती. त्यातला एक नागपूरचाच निघाला. म्हणाला, "काय सांगू ताई, घरी व्हिडिओ कॉल केला की आई विचारते, तुमच्याकडे उन्हाळा कधी येतो बे?"

पाजींनी घरमालकांना विचारून खालच्या डक्टच्या झडपा अर्ध्याहून जास्त बंद केल्या. पाच मिनिटांचं काम. मुलांनी विचारलं, "पाजी, कितना हुआ?"

"चाय पिलाओ."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. घरात दूध नव्हतं. शेवटी वरच्या घरमालकीणबाईंनी चहा केला आणि सगळ्यांना वर बोलावलं. मुलं जिना चढून आली, पण कानटोप्या काढायचं कुणाला सुचलं नाही.

*

मग तो एक उन्हाळा आला. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत तोवर पंखासुद्धा नसायचा, लागायचाच नाही. त्या वर्षी मात्र एकदम असा उकाडा झाला की नागपूरच्या मे महिन्याची आठवण यावी. फोन थांबेना. सप्लायरकडचा माल संपला. एक माणूस ऑफिसात येऊन म्हणाला, दुप्पट पैसे देतो, पण उद्या बसवा. पाजी त्याला म्हणाले, "पैसा तो मैं ले लूँ जी, मशीन कहाँ से लाऊँ?"

त्याच दिवशी वैशालीचा फोन आला. वसंत ऋतूत तिने आमच्याकडून एस्टिमेट घेतलं होतं. तेव्हा रक्कम ऐकून, "पुढच्या वर्षी बघू," म्हणाली होती. आता तिचे सासरे हृदयाच्या ऑपरेशननंतर नुकतेच घरी आले होते. तिने विचारलं, "एका खोलीपुरतं काही होईल का?"

मी फोन धरून पाजींकडे पाहिलं. पाजींनी ऑफिसच्या भिंतीकडे पाहिलं. गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून आमच्या भिंतीवर एक युनिट लावलेलं होतं, चालू. तासाभरात ते भिंतीवरून उतरलं, संध्याकाळपर्यंत वैशालीच्या सासऱ्यांच्या खोलीत लागलं. तिने किंमत विचारली तर पाजी म्हणाले, "नया नहीं है बेटा. जो ठीक लगे."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ऑफिसात बसवेना. नऊ वाजताच टेबल गरम लागायचं. मग लहानपणी बाबांना दर एप्रिलमध्ये जो कूलर लावताना पाहिलं होतं, तो मी कामाला लावला. म्हणजे कूलर नव्हता, पण कल्पना होती. मोठा टेबलफॅन खिडकीत ठेवला, त्याच्यामागे जाड टॉवेल दोरीवर टांगला, वरून पाण्याची बाटली भोक पाडून उलटी लटकवली. पाणी ठिबकत राहिलं आणि ओल्या कपड्यातून गार वारा यायला लागला. वाळ्याचा वास तेवढा नव्हता. पण डोळे मिटले की मी नागपूरच्या घरी कूलरसमोर, उन्हाळ्याची सुट्टी लागलेली.

पाजी त्या वाऱ्यात पाय पसरून बसले. इतक्यात एक बाई आत आल्या, घामाघूम. त्यांनी एकदा रिकाम्या भिंतीकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. वाऱ्यात जरा उभ्या राहिल्या.

मग टॉवेलकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ये वाला कितने का है?"

*

निर्मलाकाकू आणि वसंतकाकांचं घर मला सगळ्यात जास्त आठवतं. काका विनिपेगला कॉलेजात शिकवायचे. सगळी उमेद तिकडे गेली. काकूंना तिथली थंडी कधीच सोसली नाही, म्हणून रिटायर झाल्यावर दोघं सरेला आले. इथे हिवाळा मवाळ. पण इथे आल्यावर काकूंची स्मरणशक्ती हळूहळू जायला लागली.

आम्ही एस्टिमेटला गेलो तेव्हा दिवस तापलेला होता आणि काकू फार खुशीत होत्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. काकांनाही दिलं, आणि म्हणाल्या, "बसा हं, बाबा येतीलच इतक्यात."

त्या आत गेल्यावर काका म्हणाले, "गरम झालं की ती अमरावतीला माहेरी असते. लग्न व्हायचंय अजून. सकाळपासून मला पाहुणा म्हणून पाणी देतेय."

त्यांची मुलगी मॉन्ट्रियलला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काकूंना उकाडा बाधेल, आणि मुलीने एसीचा हट्ट धरला होता. घरात डक्ट होते, पॅनेल नवीन होतं, काम सरळ होतं. पाजींनी रक्कम सांगितली. दुसऱ्या कोणीतरी याहून मोठी मशीन आणि मोठा आकडा सांगून ठेवला होता. पाजी म्हणाले की एवढ्या घराला त्याची गरज नाही. काकांनी घासाघीस केली नाही. त्यांना वेगळंच विचारायचं होतं.

"घर गार झालं, तर तिला चालेल ना? त्या अमरावतीत निदान ती खूश तरी असते."

पाजींनी एस्टिमेटचा कागद टेबलावर ठेवला, आणि टोपी उचलून ते उठले.

जुलैमध्ये मशीन लागली. थर्मोस्टॅट कसा वापरायचा ते मराठीत समजावून सांगायला मी गेले होते. चालू करून आम्ही बसून राहिलो. घर हळूहळू गार होत गेलं. काकू सोफ्यावर होत्या. त्यांनी पदर अंगाभोवती ओढून घेतला, दंड चोळले, खिडकीकडे पाहिलं. मग काकांकडे पाहत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या.

काका थर्मोस्टॅटपाशी उभे होते. ते वळले नाहीत. हात तसाच भिंतीवर राहिला.

"अहो, थंडी वाढलीये. गाडी प्लगला लावलीत का?"

पाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच सांगितलं, विनिपेगच्या हिवाळ्यात इंजिन गोठू नये म्हणून गाडीची वायर प्लगला लावून ठेवतात.

"विसरलोच बघ," काका म्हणाले.

त्यांनी कपाटातून जाड जॅकेट काढलं, अंगात घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि दार उघडून उन्हात गेले. खिडकीतून आम्हाला दिसत होतं. ते ड्राइव्हवेवर गाडीच्या पुढे वाकले, थोडा वेळ तसेच राहिले, मग सरळ झाले आणि हात एकमेकांवर चोळत परत आले.

"लावली."

"मग दार लावून घ्या," काकू म्हणाल्या, "आणि बसा. चहा टाकते."